दोन सूर्यांच्या गावची बंदूक

ती बंदूक बनवायला मला सतरा दिवस लागले आणि त्यातले निदान पंधरा दिवस मी घरात कोणाशी ना कोणाशी भांडलो. माझा स्वभावच तसा आहे. हातातलं काम मनासारखं उतरलं नाही की मला जेवण गोड लागत नाही, आणि मला गोड लागलं नाही की मी घरात कोणालाच गोड लागू देत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आणि डोक्याला भट्टी. तिचं म्हणणं खोडून काढण्यातही माझा बराच वेळ गेलेला आहे.

बोरी अरबला आमचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. आधी वडील काम करायचे आणि मी बघायचो. आता मी काम करतो आणि वडील दारात प्लास्टिकची खुर्ची टाकून बघतात. बघतात म्हणजे चुका काढतात. सत्तरी उलटली, कानांनी कमी ऐकू येतं, पण मी आत स्क्रू उलटा फिरवला तर त्यांना बाहेर बसून कळतं.

माझी भाची, बहिणीची मुलगी, पुण्याला सिनेमाचं शिकते. शेवटच्या वर्षाला तिला स्वतःची एक छोटी फिल्म करून दाखवायची होती. डिसेंबरात तिचा फोन आला.

"मामा, तू मले एक बंदूक बनवून देशीन काय?"

"कायले? कोनाचा जीव घेऊन राह्यली?"

"जीव घ्याची नाई. वाचवाची हाये."

मग तिनं गोष्ट सांगितली. कुठल्याशा ग्रहावर एक गाव आहे. तिथं आकाशात दोन सूर्य. एक मावळतो तोवर दुसरा डोक्यावर येतो, त्यामुळे माणसं भाजून निघतात. कारखाने कधीच बंद पडलेत, म्हणून लोक सापडेल त्या भंगारातून हत्यारं बनवतात. गावातल्या एका बाईकडे एक बंदूक आहे. तिच्यातून गोळी निघत नाही, गार धुकं निघतं. ती गावभर फिरून भाजलेल्या माणसांवर धुकं मारते, आणि शेवटी एकटी उरते तेव्हा बंदूक स्वतःच्या तोंडाकडे वळवते. धुक्यात तिचा चेहरा दिसेनासा होतो. फिल्म संपली.

"कॉम्प्युटरवर धुकं काढाले आमच्यापाशी पैसे नाई," भाची म्हणाली. "खरंखुरं निघालं पायजे. अन् बंदूक पुढच्या जमान्यातली दिसली पायजे, पण गावात बनवल्यावानी. तुह्याशिवाय कोन करन?"

शेवटचं वाक्य ती मुद्दाम बोलली हे मला कळत होतं, तरी मी फुगलो. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

दुकानाच्या माळ्यावर दोन जुने पितळी पंप पडले होते, एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. हल्ली असे पंप कोणी वापरत नाही. सगळे बॅटरीवाले प्लास्टिकचे आले. मी दोन्ही खाली काढले, पट्टे कापून फेकले, पितळ आतून-बाहेरून चिंचेनं घासलं. एकाचा नळा चांगला निघाला, तो बंदुकीचं पोट झाला. दुसऱ्याचे वापरण्याजोगे भाग काढून उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देऊन टाकला. मूठ बाभळीची, घोडा म्हणून सायकलच्या ब्रेकचं लिव्हर, वरून ठिबकच्या काळ्या नळ्यांची गुंडाळी, पुढं एकाऐवजी तीन नोझल, आणि नेम धरायला जुन्या टॉर्चची काच. बॅटरी पंपाची छोटी मोटर पोटाखाली बसवली. हवा धरायला आत चामड्याचं वायसर लागतं. नवं रबरी टाकून पाहिलं तर गळत होतं. दोन्ही पंपांची जुनी वायसरं मी एकाच डब्यात तेलात भिजत टाकली होती. त्यातलं जे मऊ लागलं ते बसवलं.

सतराव्या दिवशी पाणी भरून लिव्हर दाबलं तेव्हा इतकं बारीक धुकं निघालं की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा पळायच्याऐवजी जवळ आल्या. मी त्या दिवशी कोणाशीही भांडलो नाही.

भाची फेब्रुवारीत तिच्या चार दोस्तांना घेऊन आली. शूटिंग झरी जामणीकडं होतं, जंगलातल्या एका बंद पडलेल्या पांढऱ्या दगडाच्या खदानीत. तिथं झाड नाही, गवत नाही, जिकडं तिकडं पांढरा भुगा. दुसरा ग्रह म्हणून चालून जाईल, असं ती म्हणाली. हिरोईनचं काम ती स्वतःच करणार होती. बंदूक तिनं चादरीत गुंडाळून एसटीत नेली. कंडक्टरनं विचारलं हे काय, तर म्हणाली फवाऱ्याचा पंप. खोटं बोलली असं म्हणता येणार नाही. दोन दिवसांचं काम होतं. शेवटचा प्रसंग, तोंडावर धुकं मारायचा, दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना घ्यायचा होता.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला वडील दुकानात आले, रंगाच्या डब्यापाशी थांबले आणि वाकून त्यांनी काहीतरी उचललं. मी बंदुकीला काळा रंग देताना ब्रश पुसायला घेतलेली चिंधी होती ती. रंगानं अर्धी काळी झालेली, पण मूळची लाल.

"हे कोन्या पंपाची व्हय?" त्यांनी विचारलं.

"चिंधी हाये बाबा. ब्रश पुसाची."

"याले माह्यी गाठ हाये अजून."

इथं आमच्या दुकानाची पद्धत सांगायला हवी. तणनाशक मारायचा पंप वेगळा ठेवतात. तणनाशक कितीही धुतलं तरी चामड्यात, सांध्यात थोडं राहतंच, आणि तोच पंप पुढं कपाशीवर चालवला तर कपाशीची पानं आखडून बोटांसारखी वाकडी होतात. म्हणून वडील तणनाशकाच्या पंपाच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधतात, दुहेरी गाठ मारून. पंचक्रोशीतले लोक आता स्वतःच बांधतात. ही पद्धत वडिलांनी सुरू केली ती एका चुकीनंतर. फार वर्षांपूर्वी त्यांनी दुरुस्तीला आलेले दोन पंप अदलाबदल करून दिले आणि जवळच्या तांड्यावरच्या एका शेतकऱ्याची तीन एकर कपाशी गेली. तो माणूस दुकानात आला, वाकडं झालेलं पान त्यानं वडिलांच्या हातावर ठेवलं आणि काही न बोलता निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वडील अजून म्हणतात.

"माळ्यावर दोन पितळी होते," वडील म्हणाले. "एक चुना माराचा, एक तणनाशकाचा. पोरीच्या बंदुकीत कोनता गेला?"

मी माळ्याकडं बघितलं. पट्टे मीच कापले होते. चिंचेनं घासून आतला चुन्याचा थर, असलाच तर, मीच काढला होता. दुसरा पंप भंगारात गेला होता.

"वायसर नवं टाकलं का जुनं?"

"जुनं."

"कोन्या पंपाचं?"

मी तेलाचा तो एकच डबा पुढं केला. वडिलांनी चिंधी खिशात घातली. "पंपाची वळख गेली म्हंजे तो तणनाशकाचाच धराचा," ते म्हणाले. "चाल. गाडी काढ."

फवारणीत डोळ्यांत औषध जाऊन दृष्टी अधू झालेली माणसं आमच्या दुकानात येऊन बसतात. पंपाचं काय बिघडलं ते त्यांना झाकण हातानं चाचपून सांगावं लागतं. भाचीला मी फोन लावला. क्षेत्राच्या बाहेर. तिच्या दोस्ताला लावला. तोही बाहेर. झरीच्या जंगलात कोणाला रेंज मिळणार? बायकोनं डबा बांधते म्हटलं तर मी तिच्यावर उगाच खेकसलो. वडिलांना म्हटलं तुम्ही राहा, एवढं अंतर तुम्हाला झेपणार नाही. ते तोवर गाडीवर मागं बसलेसुद्धा होते.

बोरीहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा आणि तिथून पुढं झरी. एरवी मी हा रस्ता शीळ घालत कापला असता. त्या दिवशी मी प्रत्येक ट्रकवाल्याला, प्रत्येक गतिरोधकाला आणि रस्त्यात उभ्या राहिलेल्या प्रत्येक म्हशीला शिव्या दिल्या. वडील मागून खांद्यावर थापट मारायचे, हळू म्हणून. मी अजून जोरात हाकायचो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबून फोन लावायचा, तीच बाई तेच सांगायची, फोन खिशात कोंबायचा. पांढरकवड्याला वडिलांना लघवीला थांबायचं होतं. ते दोन मिनिटं झाडामागं होते तर मी रस्त्यावर इकडून तिकडं येरझाऱ्या घालत होतो. एका चहावाल्यानं विचारलं, पेशंट कोणत्या दवाखान्यात आहे? मी त्याला काय सांगणार होतो?

सगळ्या रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं. ती बंदूक वळवते, डोळे उघडे ठेवते कारण कॅमेऱ्याला डोळे दिसायला हवेत, आणि मी सतरा दिवस घासूनपुसून बारीक केलेलं धुकं तिच्या उघड्या डोळ्यांत जातं. इतकं बारीक कशाला केलं मी? जाडे थेंब पडले असते तर तिनं तोंड तरी फिरवलं असतं.

झरीच्या पुढं सागाचं जंगल लागलं. बकऱ्या चारणारा एक कोलाम आदिवासी म्हातारा भेटला. त्याला विचारलं सिनेमावाले कुठं आहेत, तर त्यानं काठीनं वाट दाखवली आणि विचारलं, "ते पोरीजवळची बंदूक, तिच्यानं रानडुकरं पयतात का?" वडील म्हणाले, "नाई. ते बंदूक खराब हाये." म्हातारा वाईट वाटल्यासारखा हळहळला.

खदानीच्या काठावर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. खाली पांढऱ्या भुग्यात ती उभी होती, खताच्या पांढऱ्या पोत्यांचा शिवलेला झगा घालून. समोर कॅमेरा. बंदूक तिच्या हातात, नळी तिच्याच तोंडाकडं. मी गाडी स्टँडला न लावताच सोडली. वडील वेळेवर उतरले म्हणून वाचले, गाडी आडवी झाली. उतारावरून मी घसरतच खाली गेलो आणि तिच्या हातातून बंदूक हिसकावली.

ती आधी हसली. तिला वाटलं मामा शूटिंग बघायला आला.

"चालवली का हे?"

"काय झालं मामा?"

"तोंडावर चालवली का?"

"नाई. आता तालीमच करून राह्यलो. सकाळी एकदा चालवली, वरतं, हवेत."

मी तिला दगडावर बसवलं आणि दोन बाटल्या पाणी तिच्या तोंडावर ओतलं. पापण्या वर करून डोळे बघितले. तिचा सगळा मेकअप वाहून गेला. तिचे दोस्त बघत राहिले. एव्हाना वडील खाली आले होते. त्यांनी खिशातून चिंधी काढून तिला दाखवली. ती आमच्याच घरची पोर, तिला लाल चिंधी समजावून सांगावी लागली नाही. तिचा चेहरा उतरला, पण दुसऱ्याच क्षणी तिनं वर सूर्याकडं बघितलं.

"मामा, कॅमेरा उद्या सकाळी परत द्याचा हाये. एकच टेक. मी डोळे मिटून घेते."

"नाई."

"तुले कुठं पक्कं माहीत हाये? चुन्याचा असन तर?"

"असन. तरी नाई."

"आबा, तुमी सांगा याले."

वडिलांनी बंदूक खोलून वायसर बाहेर काढलं आणि बराच वेळ नाकाशी धरलं. मग म्हणाले, "माह्या नाकाचा भरोसा नाई राह्यला, माय. आठ दिवस थांब. घरी टमाट्याच्या रोपावर याचं पानी मारतो. तणनाशक असन तर पानं वाकडी होतीन, नसन तर नाई."

"आठ दिवसांनी मी कॅमेरा कुठून आनू आबा? अन् हे चार जन?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तणनाशकाचं नव्हतं, मी आणलेलं होतं. शेवटी त्यांनी तो प्रसंग रिकाम्या बंदुकीनं केला. एक दोस्त कॅमेऱ्याच्या बाजूला बसून पांढरा भुगा उधळत होता. भुगा भुग्यासारखाच दिसत होता. ती खोकली, पुन्हा केलं, पुन्हा खोकली, आणि उन्हं गेली. आम्ही निघालो तेव्हा ती सामान भरत होती. तिनं मान वर केली नाही.

घरी आल्यावर वडिलांनी वायसर परत बसवलं, बंदुकीत पाणी भरून एक दिवस तसंच ठेवलं आणि बायकोच्या कुंडीतल्या टमाट्याच्या रोपावर मारलं. मग आठ दिवस मी त्या रोपाच्या मागं लागलो. दुकानातून उठायचो, अंगणात जायचो, पान बोटावर धरून बघायचो, परत यायचो. गिऱ्हाईक समोर पंप घेऊन उभं असायचं आणि मी अंगणात. बायको म्हणाली, "त्या रोपाले नजर लावान तुमी."

खरं सांगायचं तर मला ती पानं वाकडी झालेली हवी होती. भाचीला काही झालं नाही, ती सुखरूप पुण्याला पोचली, आता त्या बंदुकीत विष निघालं तर माझं सगळं धावणं, हिसकावणं, तिचा सिनेमा मोडणं, सगळं बरोबर ठरणार होतं. स्वतःच्या हातून झालेल्या वस्तूत विष निघावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. लाज वाटते लिहिताना, पण तसंच होतं.

आठव्या दिवशी पानं सरळ होती. नवव्या दिवशी नवा कोंब आला.

तिचा फोन नवव्या दिवशीच आला. "पान?" एवढंच विचारलं.

वडील समोर खुर्चीत होते. त्यांना ऐकू येत नाही, पण ते माझ्या तोंडाकडं बघत होते. वाकडं झालं असं म्हणायला मला काही लागलं नसतं. ती पुण्यात, रोप बोरीत.

"सरळ हाये," मी म्हणालो.

"म्हंजे चालली असती."

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन महिने आम्ही बोललो नाही. बहिणीकडून कळलं, फिल्म दाखवली, सगळ्यांना आवडली, पण शेवट जमला नाही असं तिच्या सरांचं म्हणणं पडलं. मी त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून शेताच्या बांधापर्यंत उगाच चालत गेलो आणि परत आलो.

एप्रिलात ती आली. मी रिवाजाप्रमाणे वाकून तिच्या पाया पडलो. एरवी ती हसून पाय मागं घेते. या वेळी उभी राहिली. मग सरळ दुकानात गेली. बंदूक खिळ्याला टांगलेली होती. वडिलांनी तिच्या मुठीला लाल चिंधी बांधून ठेवली होती, तीच, अर्धी काळी. लोक दुकानात येतात, असलं हत्यार बघून कोणी दचकत नाही, हे काय नवीन मॉडेल म्हणून हात पुढं करतात आणि चिंधी दिसली की हात मागं घेतात.

"आबा, पान तं सरळ राह्यलं होतं ना?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"हो," वडील म्हणाले. "टमाटेबी लागले त्याले." ते खरं होतं. लालबुंद टमाटे लागले होते. कोणी तोडले नव्हते, झाडावरच सुकत होते. तिनं दारातून कुंडीकडं बघितलं.

मग तिनं बंदूक खाली काढली, चिंधी सोडली, माठातलं पाणी भरलं आणि माझ्या हातात दिली. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली, डोळे उघडे ठेवून.

"मार," ती म्हणाली.

मी लिव्हरवर बोट ठेवलं. आत साधं पाणी होतं, तिनंच माझ्यासमोर भरलेलं. रोप सरळ होतं. मी फार विचार न करताही सांगू शकत होतो की काही होणार नाही. माझं बोट दाबायला तयार होईना. नळी तिच्या गालावरून गळ्याकडं, गळ्याकडून जमिनीकडं उतरली. ती तशीच उभी होती. मी तोंड फिरवलं.

तिनं माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. दारात जाऊन पाणी ओतून दिलं. मग चिंधी उचलून मुठीला परत बांधली, आबांसारखी दुहेरी गाठ मारून, आणि गाठ ओढून पक्की झाली का ते बघितलं. बंदूक खिळ्याला टांगली.

"मामीले चहा मांडाले सांग," ती म्हणाली, आणि वडिलांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली.